गोल्फचा पहिला हायब्रिड घेताना: नंबर सोडा, डिग्री बघा

"साहेब, ते पाच नंबर घरीच ठेवत जा ना, नुसतं वजन होतंय." सकाळी पावणेसातला, गोल्फ कोर्सच्या तिसऱ्या होलवर, माझी बॅग उचलणाऱ्या कॅडीने मला हे ऐकवलं. मी नुकताच ५ आयर्नने (पातळ डोक्याचा क्लब) बॉल टॉप करून, म्हणजे त्याच्या डोक्यावर मारून, चाळीसेक यार्ड पुढे गवतात घातला होता. राग आला, पण माणूस खरं बोलत होता, त्या महिन्यात त्या क्लबने माझा एकही शॉट धड हवेत गेलेला त्याने पाहिला नव्हता. पुढच्या आठवड्यात मी तावातावाने जाऊन ३ नंबरचा हायब्रिड उचलला, दुकानदार म्हणाला 'सगळ्यात जास्त हाच खपतो', आणि घरी आल्यावर कळलं की हा तर माझ्या ५ वुडइतकाच (फुगीर डोक्याचा, लांब मारायचा क्लब) जातोय, म्हणजे बॅगेत एकाच अंतराचे दोन क्लब आणि अंतरांमध्ये जिथे खड्डा होता तिथे खड्डा तसाच. पैसे गेले, अक्कल आली. ती अक्कल तुम्हाला फुकट मिळावी म्हणून हे सगळं लिहितोय.

नवीन लोकांसाठी आधी दोन ओळी, हायब्रिड म्हणजे काय ते. लाँग आयर्न (२, ३, ४, आणि आपल्यासारख्यांसाठी ५ सुद्धा) मारायला अवघड, कारण डोकं पातळ, लॉफ्ट (बॉलला लागणारा क्लबचा चेहरा, म्हणजे फेस, मागे किती कललाय तो कोन, डिग्रीत मोजतात) कमी, चूक अजिबात माफ नाही. फेअरवे वुड (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावरून, म्हणजे फेअरवेवरून, मारायचा) सोपा वाटतो पण शाफ्ट (क्लबची दांडी) लांब, ५ वुड सुद्धा ४२ इंचाच्या आसपास असतो, त्यामुळे बॉल नेमका फेसच्या मध्यावर येणं नशिबावर. हायब्रिड या दोघांच्या मधला. डोकं वुडसारखं पोकळ पण लहान, शाफ्ट साधारण ३९ ते ४१ इंच, आणि वजन खाली आणि फेसच्या मागे ठेवलेलं, त्यामुळे बॉल जरा खाली लागला तरी वर चढतो. तळ रुंद आणि गोलसर असल्यामुळे जमिनीत घुसण्याऐवजी घसरून पुढे जातो. टेलरमेडचा 'रेस्क्यू' २००० नंतरच्या वर्षांत इतका चालला की आपल्याकडे जुनी मंडळी कुठल्याही कंपनीच्या हायब्रिडला अजून रेस्क्यूच म्हणतात, जसं फोटोकॉपीला झेरॉक्स. दुकानात कोणी 'रेस्क्यू दाखवू का' म्हणालं तर गोंधळू नका.

आणि हा म्हाताऱ्यांचा किंवा कच्च्या खेळाडूंचा क्लब असं कोणी म्हणालं तर त्याला २००९ ची पीजीए चॅम्पियनशिप आठवून द्या. शेवटच्या होलवर कोरियाच्या वाय. ई. यांगने २०६ यार्डवरून हायब्रिडनेच बॉल ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) आणला, बर्डी केली (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) आणि टायगर वुड्सला हरवलं. शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना टायगर मेजरमध्ये (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धांत) तोपर्यंत कधी हरलाच नव्हता.

पहिली पायरी: दुकानात जाऊ नका, रेंजवर जा

खरं काम इथेच, सरावाच्या रेंजवर आहे, बाकी सगळं नंतर. एक वही किंवा मोबाईल घ्या, बॅगेतला ७ आयर्न, ६ आयर्न, ५ आयर्न, असेल तर ४, आणि तुमचा सगळ्यात छोटा फेअरवे वुड काढा. प्रत्येकाने १० बॉल मारा. सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट शॉट सोडून द्या, उरलेल्या आठांची कॅरी (म्हणजे बॉल जिथे पहिल्यांदा जमिनीला टेकतो तिथपर्यंतचं अंतर, घरंगळून जातो ते नाही) अंदाजे लिहा. रेंजचे बॉल घासलेले असतात, कमी जातात, पण सगळ्या क्लबने तेच बॉल मारताय ना, मग आपल्याला फरक कळला म्हणजे झालं. एखाद्या कोचकडे लाँच मॉनिटर (बॉलचं अंतर मोजणारं यंत्र) असेल तर अर्ध्या तासाचे पैसे द्या, वसूल होतात.

माझे आकडे सांगतो म्हणजे कळेल. ७ आयर्न १३५ यार्ड, ६ आयर्न १४५, ५ आयर्न १४८, ५ वुड १८०. आता ६ आणि ५ मधला फरक बघा, तीन यार्ड! क्लब बदलला, लॉफ्ट कमी झाला, अंतर मात्र जागच्या जागी. याचा अर्थ तो क्लब उडवण्याइतका स्पीड माझ्याकडे नाही, बॉल खालीच राहतो आणि पडतो. शेजारच्या दोन क्लबमध्ये १० ते १५ यार्डांचा फरक पडायला हवा. जिथे तो फरक पाच-सहाच्या खाली येतो तिथून तुमचे आयर्न संपले असं समजायचं, आणि तिथून वर हायब्रिड सुरू. कोणाचे ६ लाच संपतात, कोणाचे ४ पर्यंत चालतात, यात लाज वगैरे काही नाही.

म्हणजे माझ्याकडे १४५ ते १८० असा पस्तीस यार्डांचा खड्डा होता. तो भरायला १६२ च्या आसपास जाणारा एकच क्लब पुरेसा होता. आणि मी आणला काय, तर १७८ जाणारा. असो.

दुसरी पायरी: डिग्री

आता सगळ्यात मोठी गंमत. क्लबच्या तळावर जो नंबर असतो ना, ३, ४, ५, त्याला काही सरकारी व्याख्या नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने टाकते. पिंगच्या जी४२५ मध्ये ४ नंबर म्हणजे २२ डिग्री आणि ५ नंबर म्हणजे २६. दुसऱ्या कंपनीचा ४ नंबर २१ चा असतो, तिसऱ्याचा २४ चा. टायटलिस्टसारखे काही लोक नंबरच्या भानगडीत न पडता सरळ डिग्री छापतात, ते मला आवडतं.

त्याहून मोठा घोळ आयर्नमध्ये आहे. जुन्या सेटमध्ये ५ आयर्न २७-२८ डिग्रीचा असायचा आणि ७ आयर्न ३४-३५ चा. आजकालच्या नवशिक्यांसाठीच्या सेटमध्ये ७ आयर्नच २८ ते ३० डिग्रीचा असतो, आणि ५ आयर्न २१-२२ चा. म्हणजे तुमच्या हातात '५' लिहिलेला क्लब आहे तो तुमच्या काकांच्या काळातला ३ आयर्न आहे! म्हणून तर तो उडत नाही, दोष सगळाच तुमचा नाही. आणि म्हणूनच 'माझा ५ आयर्न काढून ५ हायब्रिड टाकतो' हे गणित दरवेळी जमत नाही.

तर करायचं काय. तुमच्या आयर्न सेटचं मॉडेल कंपनीच्या साइटवर शोधा, तिथे प्रत्येक क्लबचा लॉफ्ट दिलेला असतो. मी मास्किंग टेपचे छोटे तुकडे करून प्रत्येक क्लबच्या तळाला पेनाने डिग्री लिहून चिकटवली होती, बायको म्हणाली लोणच्याच्या बरण्यांना लावतात तशी लेबलं लावलीस, पण खरंच एका दृष्टीत बॅग समजली. ६ आयर्न २५, ५ वुड १८, मधे काय बसेल? २२ च्या आसपास. झालं, उत्तर मिळालं, आणि त्यावर नंबर ३ आहे की ४ याच्याशी मला काही देणंघेणं नाही.

एक लक्षात ठेवा, तेवढ्याच डिग्रीचा हायब्रिड आयर्नपेक्षा जरा लांब जातो, कारण शाफ्ट लांब आणि बॉल उंच. त्यामुळे २२ च्या आयर्नच्या जागी २२ चाच हायब्रिड घेतला तरी तुम्हाला दहा-पंधरा यार्ड जास्त मिळतील, कारण मुळात आयर्न तुमच्याकडून नीट लागतच नव्हता. दोन हायब्रिड घेणार असाल तर त्यांच्यात ३ ते ४ डिग्रीचं अंतर ठेवा, त्याहून जवळचे घेतले तर दोन्ही एकच काम करतात.

आणि मोजून ठेवा, बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब. एक आत आला की एक बाहेर. स्पर्धेत पंधरावा सापडला तर स्ट्रोक प्लेमध्ये (जिथे एकूण फटके मोजतात) ज्या होलवर नियम मोडला त्या प्रत्येक होलला दोन स्ट्रोकची पेनल्टी, एका राउंडला जास्तीत जास्त चार. आपल्या ऑफिसच्या स्पर्धेतसुद्धा बॅगा मोजणारा एक तरी महाभाग असतोच.

तिसरी पायरी: डोक्याचा आकार

दोन जाती आहेत. एक आयर्नसारखी दिसणारी, चेहरा सपाट, मागे फारसं पोट नाही. दुसरी छोट्या वुडसारखी, मागे फुगलेली. नवशिक्याने दुसरी घ्यावी, सरळ सांगतो. पहिली जात त्यांच्यासाठी जे आयर्न खरंच चांगले मारतात आणि ज्यांना बॉल मुद्दाम कमी उंचीवर ठेवायचाय.

मग ऑफसेट. फेस शाफ्टच्या रेषेपेक्षा जरा मागे असतो, त्यामुळे बॉलला लागेपर्यंत फेसला बंद व्हायला क्षणभर जास्त मिळतो, बॉल डावीकडे झुकतो (सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशोबाने लिहितोय, डावऱ्यांनी उलट वाचावं). तुमचा रोजचा आजार स्लाइस (बॉल वळून उजवीकडे जाणं) असेल, आणि नव्या माणसाचा नव्वद टक्के तोच असतो, तर ऑफसेटवाला घ्या, औषध आहे. पण तुम्ही आधीच हुक (बॉल वळून डावीकडे) मारत असाल तर तोच क्लब विष. क्रिकेट किंवा हॉकी खेळून आलेले बरेच जण मनगट फिरवतात आणि हुक मारतात, त्यांना हायब्रिड म्हटलं की 'डावीकडेच जातो' अशी तक्रार असते, त्यात तथ्य आहे, हायब्रिडची बनावटच थोडी डावीकडे ओढणारी. त्यांनी कमी ऑफसेटचा आणि जरा जड शाफ्टचा बघावा.

काही हायब्रिडमध्ये होजलला (शाफ्ट डोक्यात बसतो तो भाग) स्लीव्ह असते, पाना फिरवून लॉफ्ट एक-दीड डिग्री वर-खाली करता येतो. लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, कमी केला की उघडतो, हे सांगायला दुकानदार विसरतात. सोय चांगली आहे पण त्यासाठी जास्त पैसे देऊ नका, मी पाहिलेल्या दहा लोकांपैकी नऊ जण पहिल्या आठवड्यानंतर तो पाना कुठे ठेवला ते विसरतात.

चौथी पायरी: शाफ्ट, इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात

हायब्रिडमध्ये बहुतेक ग्राफाइट शाफ्ट येतो. दोन गोष्टी बघायच्या, फ्लेक्स आणि वजन.

फ्लेक्सचं (शाफ्ट किती वाकतो त्याचं) सोपं माप: ७ आयर्न कॅरी साधारण १२० यार्डांच्या आत असेल तर सीनियर किंवा लेडीज (नावावर जाऊ नका हो, लवचीक शाफ्ट एवढाच त्याचा अर्थ), १२५ ते १५५ मध्ये असेल तर रेग्युलर, त्याच्या वर गेलात तर स्टिफचा विचार करा. पुरुषांचा अहंकार इथे आडवा येतो, मित्राकडे स्टिफ आहे म्हणून स्टिफ हवा असतो. मग बॉल खाली राहतो, उजवीकडे जातो, आणि दोष क्लबला. कंपन्यांमध्ये फ्लेक्सचं प्रमाण एकसारखं नाही, एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफएवढा कडक लागू शकतो, त्यामुळे अक्षर वाचून नाही तर मारून बघून ठरवायचं.

वजन मात्र कोणी विचारतच नाही. तुमच्या वुडचा शाफ्ट ५०-६० ग्रॅमचा असेल आणि आयर्न स्टीलचे शंभर ग्रॅमच्या वर असतील, तर हायब्रिड मधे कुठेतरी बसायला हवा, ७०-८० च्या आसपास. हलकाफुलका ५० ग्रॅमचा हायब्रिड स्टील आयर्नच्या पाठोपाठ हातात घेतला की हात पुढे पळतात, आणि बॉल डावीकडे बाउंड्रीबाहेर. आयर्नही ग्राफाइट असतील तर हा प्रश्न फारसा येत नाही. वजन शाफ्टवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा घेऊन जा.

पाचवी पायरी: मारून बघा, पण मॅटवर विश्वास ठेवू नका

मॅटवर हायब्रिड नेहमी छान लागतो. क्लब बॉलच्या दोन इंच आधी टेकला तरी मॅटवरून घसरून बॉलला लागतो आणि तुम्हाला वाटतं काय शॉट मारला! गवतावर तोच शॉट फॅट (क्लब आधी जमिनीत), बॉल जेमतेम साठ यार्ड. म्हणून रेंजवर गवताचा पट्टा असेल तर तिथे मारा, नसेल तर ओळखीच्या कोणाचा डेमो क्लब एका राउंडपुरता मागा. कोर्सवरच्या प्रो शॉपमध्ये विचारलं तर बऱ्याचदा देतात, फक्त फेसला ओरखडा आणू नका.

बघायचं काय? सगळ्यात लांब गेलेला शॉट नाही. दहा बॉल मारून सगळ्यात वाईट तीन कुठे पडले ते बघा. ज्या हायब्रिडचा वाईट शॉटसुद्धा दीडशेच्या आसपास आणि फेअरवेच्या शेजारी राहतो तो तुमचा. आणि उभं राहिल्यावर खाली बघून क्लब डोळ्याला पटला पाहिजे, फेस डावीकडे वळलेला दिसतोय असं सारखं वाटत राहिलं तर तो घेऊ नका, बाकी आकडे कितीही चांगले असोत.

अजून एक, आपल्या हवामानाचं. पावसाळ्यात पुणे, मुंबई, नाशिक कुठेही रफ (फेअरवेच्या बाहेरचं वाढलेलं गवत) ओलं आणि दाट होतं, त्यात लाँग आयर्न अडकतो, गवत होजलला गुंडाळतं आणि फेस बंद होतो. हायब्रिड तिथे बराच बरा. पण बॉल पूर्ण खाली बसला असेल तर हिरोगिरी नको, वेज (जास्त लॉफ्टचा आखूड क्लब) काढून बाहेर या. उन्हाळ्यात उलट, फेअरवे कडक, रुंद तळाचा हायब्रिड जमिनीवरून उसळून बॉलच्या पोटात लागतो, तेव्हा फार रुंद तळाचा घेऊ नका जर तुमचा कोर्स वर्षातले सहा महिने सिमेंटसारखा असेल तर.

सेकंडहँड घ्यायचा का?

घ्याच. मोठ्या ब्रँडचा नवीन हायब्रिड वीस हजारांच्या पुढे सहज जातो, आणि चार-पाच वर्षं जुना क्लब नव्यापेक्षा वाईट असतो हा जाहिरातीतला समज आहे, आपल्या लेव्हलला फरक कळत नाही. फक्त तपासा. क्लब कानाशी धरून हलवा, आत खडखडलं तर गोंद सुटलाय. शाफ्ट आणि डोक्याच्या सांध्यात नख फिरवा, भेग किंवा फट लागते का. वरच्या रंगावर पांढरे ओरखडे असतील तर आधीच्या मालकाने बॉल बरेचदा वर मारलेत, दिसायला वाईट पण चालतं, भाव पाडायला उपयोगी. शाफ्ट कापून आखूड केलेला असू शकतो, म्हणून टेप घेऊन लांबी मोजा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. ग्रिप कडक झाली असेल तर घाबरू नका, आपल्याकडच्या घामात सगळ्यांच्याच होतात, बदलून मिळते.

ऑनलाइन फारच स्वस्त, सीलबंद, 'इम्पोर्टेड' असं काही दिसलं तर लांब राहा. नकली क्लबचा बाजार मोठा आहे, आणि त्यातला लॉफ्ट किती आहे हे बनवणाऱ्यालासुद्धा माहीत नसतं.

मधेच कोणीतरी तुम्हाला म्हणेल, हायब्रिड सोड, ७ वुड घे. मूर्खपणा नाही तो, २१-२२ डिग्रीचा ७ वुड जास्त उंच जातो, ग्रीनवर हळू उतरतो, हल्ली प्रोंच्या बॅगेतही दिसतो. तुम्ही फेअरवे वुड गवतावरून बरा मारत असाल तर दोन्ही मारून बघा. नसाल तर छोट्या शाफ्टचा हायब्रिडच बरा, शिवाय रफमध्ये लहान डोकं लवकर पार होतं.

घेतल्यावर पहिले पंधरा दिवस

हायब्रिड वुडसारखा दिसतो म्हणून लोक तो झाडूसारखा फिरवतात, बॉल वर 'उचलायला' बघतात, आणि टॉप करतात. हा क्लब आयर्नसारखा मारायचा. बॉल स्टान्सच्या मध्यापासून एक-दोन बॉल पुढे, वजन डावीकडे, आणि किंचित खाली मारायचं, छोटासा डिव्हॉट (गवताचा तुकडा) निघाला तर उत्तम. उचलायचं काम लॉफ्टचं, तुमचं नाही. पार ३ लांब असेल तर टी अगदी बुटका, गवताच्या टोकाइतकाच.

आणि ग्रीनच्या कडेला, बॉल फ्रिंजवर (ग्रीनला लागून असलेल्या गवतावर) असताना, हायब्रिड पटरसारखा (बॉल होलकडे ढकलायचा क्लब) धरून ढकलून बघा. ग्रिपवर हात खाली, मनगट बंद, पटिंगचा स्ट्रोक. बॉल आधी टुणकन उडतो आणि मग पळतो. २००४ मध्ये रॉयल ट्रूनला टॉड हॅमिल्टनने ब्रिटिश ओपनच्या प्लेऑफमध्ये शेवटच्या होलवर हेच केलं, हायब्रिडने बॉल होलजवळ नेला आणि एर्नी एल्सला एका स्ट्रोकने हरवलं. मला हा शॉट शिकायला दोन संध्याकाळी लागल्या, आणि वेजने डफ (फसलेला फटका) मारण्यापेक्षा रोज दोन-तीन स्ट्रोक वाचतात.

माझा तो ३ नंबर शेवटी मी निम्म्या किमतीत विकला आणि २२ डिग्रीचा जुना एक घेतला, ग्रिप बदलून. १६० जातो, वाईट लागला तर १४५. आणि ५ आयर्न कॅडीचं ऐकून बॅगेतून काढलाय, सध्या तो पहाटेच्या वॉकला बरोबर असतो, आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना दाखवायला.